मधली रांग

माझा भाऊ बेन गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. बोरिवलीच्या माझ्या घरात पुस्तकं आहेत, खुर्ची आहे, खिडकीपाशी वाचण्याजोगा उजेड आहे. पण एक पान संपायच्या आत मी उठते, स्वयंपाकघरात जाते, कशासाठी आले ते विसरते आणि परत येते. ही सवय त्याची, माझी कधीच नव्हती. तो जेवतानासुद्धा ताटावरून उठून दारापर्यंत जाऊन यायचा. आमची आय म्हणायची, "याच्या पायात भिंगरी आणि हिच्या बुडाला गोंद." तो गोंद आता सुटला आहे. लिहिताना निदान हात चालता राहतो, म्हणून लिहायला घेतलं. भावाबद्दल लिहू म्हटलं तर काही सुचत नाही. आमच्या चिकूच्या वाडीबद्दल मात्र लिहिता येईल, आणि तो त्या वाडीतच असायचा, त्यामुळे वाडीबद्दल लिहिताना तो आपोआप येईल.

आमचं घर खाडीपलीकडे, गोराईला. बोरिवलीच्या धक्क्यावरून होडीत बसलं की थोड्याच वेळात दुसऱ्याच गावात उतरायचं. इकडच्या इमारती तिकडून खेळण्यातल्या दिसायच्या. घराला पुढे ओटा, ओट्याच्या टोकाला पांढरा रंगवलेला क्रूस, मागे विहीर आणि विहिरीच्या पलीकडे वाडी. आमच्या घराला दोन वास होते. एक मासळीचा. आय मनोरीची, तिचे भाऊ मासेमारी करणारे. बोंबलांची डोकी, कोळंबीची सालं, वाळताना बिघडलेली मासळी असं काहीबाही टोपल्या भरून ती माहेरून आणायची आणि विहिरीमागच्या खड्ड्यात शेणाबरोबर कुजत टाकायची. दुसरा वास पापांच्या कपड्यांचा, नाकात चुरचुरणारा. पापा चेंबूरला खताच्या कारखान्यात, गोणी भरण्याच्या खात्यात होते. पहाटेच्या पहिल्या होडीने जायचे आणि दिवेलागणीला यायचे. बाहेरून आल्यावर मी उंबऱ्यावर डोळे मिटून उभी राहायची आणि कोण घरात आहे ते वासावरून ओळखायची. क्वचितच चुकायची.

माझ्या आठवणीच्या आधीच कधीतरी वाडीची वाटणी झाली होती. कागदावर नाही, बोलण्यातही नाही. भांडून भांडून आपोआप झालेली. रस्त्याकडची झाडं पापांची, खाडीकडची आयची. पापा आपल्या झाडांना कारखान्याचं पांढरं खत घालायचे, आय तिच्या खड्ड्यातलं काळं. एकमेकांच्या बाजूला दोघंही पाऊल टाकायचे, पण खताचा हात घेऊन नाही. चिकू उतरवले की पलंगाखाली पेंढ्यात पिकत घालायचे, तेही दोन वेगळ्या ढिगांत. संध्याकाळी वटवाघळं आली की वाडीतून टपटप आवाज यायचा आणि पापा ओट्यावरून म्हणायचे, "बघ, माझ्या बाजूला जास्त पडतायत. वटवाघळाला कळतं." आतून आय म्हणायची, "माझ्या बाजूचे ती खाली पाडत नाय, पूर्ण खातात!" जेवणानंतर चिकू कापला की आम्हा दोघांना परीक्षा असायची. "सांग, हा कुणाचा?" मी गप्प राहायची. बेन तोंड भरून म्हणायचा, "पिकलेल्याचा!"

या दोन बाजूंच्या मध्ये एक रांग होती. ती कुणाचीच नव्हती. पापांना वाटायचं ती आयची, आयला वाटायचं पापांची. की दोघांना ठाऊक असूनही ते हात आखडून होते, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढं खरं, की त्या झाडांना वर्षानुवर्षं कुणी ओंजळभरही काही घातलं नव्हतं. फांद्यांच्या टोकांना पानांचे झुबके असायचे ते विरळ, फळ सुपारीएवढं. मी वाचायला त्याच रांगेत बसायची, कारण तिथे कुणी कामासाठी येत नसे.

बेन पालघरच्या बाजूला एका शेतकी शाळेत शिकून परत आला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. पापांनी त्याच्यासाठी कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. आमच्या गावात त्या वेळी कारखान्याची नोकरी म्हणजे लग्नाच्या बाजारात सोन्याचा दात. पण बेनला वाडी करायची होती. पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या जेवणाला तो वर्तमानपत्रावर मातीचे दोन ढीग घेऊन आला आणि भाकरीच्या टोपलीशेजारी ठेवले. आयने बोंबील भाजले होते, बाटलीमसाल्याचं आंबट कालवण होतं, आणि मधोमध ही माती.

"अरे मेल्या, ताटात माती!" आय म्हणाली.

"ही पापांच्या बाजूची," बेन म्हणाला. त्याने ढेकूळ उचलून चेपलं. ते बिस्किटासारखं कडकन मोडलं. "पाणी घातलं की वर उभं राहतं, आत जात नाय. गांडूळ तर औषधालापण नाय." मग दुसरी मूठ उघडली. ती माती भुसभुशीत, काळी, बोटांतून सांडली. आयची मान ताठ झाली. तेवढ्यात बेनने खिशातून दोन पानं काढली आणि तिच्यासमोर ठेवली. "पण तुझ्या झाडांचं पान बघ, आय. पिवळं. माती झकास, झाड अर्धपोटी. तुझं खत सावकाश लागतं, आणि एवढ्या झाडांना पुरत नाय."

"म्हणजे आमी दोघंपण गाढव," पापा म्हणाले.

"मधली रांग मला द्या."

"घे की. मेलेलीच हाय ती."

"मेलेली नाय, उपाशी हाय. मी दोन्ही घालणार. आधी शेणखत आणि पाला, त्यात आयची मासळी पूर्ण कुजलेली. माती हाताला लागली की मग पापांचं पांढरं, तेपण थोडं, ओल्या मातीत, दोन हप्त्यांत. आणि बुंध्याशी नाय. सावलीची कड जिथे पडते तिथे."

"दोन्ही पार्टीत जेवणार हा," पापा आयला म्हणाले. फार दिवसांनी दोघांचं एकमत झालं होतं.

"त्यांची ती पांढरी साखर माझ्या खतात कालवणार?" आयने विचारलं.

"त्या साखरेवर तुझी चूल पेटते," पापा म्हणाले. मग ते बराच वेळ काटे काढत बसले. त्यांच्या उजव्या अंगठ्याला गोणी शिवून शिवून घट्टा पडला होता, त्याने ते काटा अचूक वेगळा करायचे. शेवटी म्हणाले, "नाताळापर्यंत तुझ्या रांगेला नवी पालवी दिसली, तर राहा वाडीत. मी तोंड उघडणार नाय. नायतर नवीन वर्षाला माझ्याबरोबर पहिली होडी. मंजूर?"

"मंजूर," बेन म्हणाला, आणि उठून दारापर्यंत जाऊन आला.

पाऊस सरत आला होता, जमिनीत ओल होती. त्याने प्रत्येक झाडाच्या सावलीच्या कडेने गोल चर खणला. मी पाटी धरायची, तो ओतायचा. चरात कुजलेलं काळं खत, वर माती, वर वाळलेल्या पानांचं पांघरूण. थोड्या दिवसांनी तीच पानं बाजूला सारून त्याने पापांच्या गोणीतलं पांढरं खत घातलं, इतकं थोडं की मला वाटलं तो चुकतोय. "तू मीठ घालतेस ना आंबटात? तसं," तो म्हणाला. "कमी पडलं तर वरून घालता येतं. जास्त झालं तर काढणार कसं?"

मग वाट बघणं सुरू झालं. आमच्या घरात कुणाला वाट बघता येत नसे. बेन उठल्याबरोबर तोंड न धुता रांगेत जायचा, प्रत्येक झुबक्याचं टोक बोटांनी चाचपायचा. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. आय भांडी घासता घासता मान उंच करून वाडीकडे बघायची. पापा, जे होडीतून उतरल्यावर सरळ ओट्यावर यायचे, ते आता वाडीच्या बाजूने वळसा घालून येऊ लागले. "पाय मोकळे करतोय," म्हणायचे. दिवसभर उभं राहून काम करणारा माणूस संध्याकाळी पाय मोकळे करतो, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. मला अभ्यास होत नव्हता. पुस्तक उघडून त्या रांगेत बसलं तर बेन म्हणायचा, "फिलू, सरक, मुळांवर बसलीस." दुसरीकडे बसलं तर मन तिकडेच.

थंडी पडायला लागली तेव्हा पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आधी टोकं, मग कड, जसा कागद दिव्याच्या काचेला लागून करपावा तशी. बेनने आधी मानलंच नाही. वारा खारा आहे म्हणाला. मग पानं गळू लागली. शेजारचीही वाडी त्याच वाऱ्यात होती आणि तिला काही झालं नव्हतं. तो चर उकरायचा, माती हुंगायचा, शाळेतल्या वह्या काढून बसायचा आणि लगेच उठायचा. जेवणाच्या वेळी कुणी कुणाकडे बघत नसे. पापांनी एकदाही टोमणा मारला नाही, आणि तेच मला विचित्र वाटलं.

रविवारी कपडे धुणं माझ्याकडे असायचं. पापांच्या पँटचा खिसा उलटा केला तर आतून ओला, चिकट. आणि शिवणीत पांढरे दाणे अर्धवट विरघळलेले. ते खत हवेतली ओल ओढून घेतं हे मला माहीत होतं. गोणी उघडी राहिली की तिला पाझर फुटायचा. पण कारखान्यातून निघताना खिशात काहीच नसतं, दारावर झडती होते, हे पापाच सांगायचे. मग हे दाणे आमच्याच पडवीतल्या गोणीतले. हातातला साबण तसाच ठेवून मी वाडीत गेले. मधल्या रांगेत गावातली सगळी मांजरं बसली होती. ती बरेच दिवस तिथे बसत होती; मला वाटायचं, ऊन खायला.

"बेन," मी म्हटलं, "पापांचा खिसा ओला आहे. आणि मांजरं तुझ्याच झाडांखाली का बसतात?"

तो मांजरांकडे वळला. मग गुडघ्यांवर बसून हाताने बुंध्याजवळची पानं बाजूला करू लागला. खाली बोंबलांची डोकी निघाली, कच्ची, मिठासकट, कुजवलेली नाहीच. आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या खताचे गोळे, मूठ मारून टाकलेले, थेट बुंध्याशी. पुढच्या झाडाखाली तेच. त्याच्या पुढच्यालाही.

आय विहिरीवर होती, पापा ओट्यावर. बेनच्या हाकेने दोघंही आले आणि उघड्या पडलेल्या बुंध्यांकडे बघत उभे राहिले.

"थोडंसंच," पापा म्हणाले. "येता-जाता. मूठभर."

"रोज?"

"तू चिमूटभर घातलंस. झाड काय होमिओपाथी घेतंय? म्हटलं, पोरगा हरेल."

"म्हणजे अट तुमीच घातली," आय कडाडली, "आणि तुमीच चोरून—"

"आणि ही डोकी काय उडून आली? समुद्रातून?"

"मी आय हाय. माझ्या पोराची झाडं मी उपाशी ठेवू?"

"मग मी काय शेजारी हाय?"

बेन आधी दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग तो जमिनीवर बसला, पाय पसरून, आणि हसायला लागला. ते हसणं फार चांगलं नव्हतं. "वाट लागली," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं कुणी काही दिलं नाय. आणि आता सगळ्यांनी मिळून खाऊ घालून मारलं." एक मांजर जवळ येऊन बोंबलाचं डोकं ओढायला लागलं. आयने त्याला हाकललं नाही.

या प्रसंगाचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. ग्रंथालयात नोकरी करताना दुपारी वाचक नसायचे, तेव्हा उगीच हा खिसा आठवायचा. पापांना मुलगा चेंबूरला हवा होता, हे खोटं नव्हतं. आणि तो हरायला नको होता, हेही खोटं नव्हतं. माणसाच्या एका हातात अट असते आणि दुसऱ्या हातात मूठभर खत असतं. माझी आई-वडिलांवरची जी काही माया आहे ती बहुतेक त्या ओल्या खिशापाशी सुरू होते.

"बादल्या आणा," बेन उठून म्हणाला. आधी डोकी आणि गोळे वेचून काढले. मग पाणी. मुरलेलं खत आणि मीठ खाली, मुळांच्या पलीकडे धुऊन घालवायचं, दुसरा उपाय नाही. विहिरीचं पाणी त्या दिवसांत अजून गोड होतं. पापांनी कारखान्यात रजा टाकली; मी त्यांना घरी असं कामाच्या दिवशी पाहिलंच नव्हतं. आय रहाटावर, पापा आणि बेन बादल्यांवर, मी चर वळवायला. पाणी ओतायचं, जिरू द्यायचं, पुन्हा ओतायचं. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका विचारायच्या, "काय गं, चिकूखाली भात लावताय काय?" आय म्हणायची, "हो, जेवायला या!" पापांची आणि आयची तेव्हा सारखी धुसफूस चालायची, पण ती एकाच बादलीच्या दोन्ही बाजूंना उभं राहून.

नाताळ आला. आयने फुगे, आमचे नाताळचे गोल गोड वडे, तळले, ओट्यावर कागदी तारा लावला, चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिसाला आम्ही सगळे गेलो. परतताना बेन एकटाच वाडीत शिरला. पालवी नव्हती. होती नव्हती ती पानंही निम्मी गळाली होती. पापा म्हणाले, "राहू दे. चूक आमची होती. अट मोडली." बेन म्हणाला, "अट अट असते." तो हट्टीही होता, हे लिहायला हवं, आता सगळे त्याला फक्त चांगला म्हणतात. नवीन वर्षात आयने दोन डबे भरायला सुरुवात केली, आणि दोघं पहिल्या होडीने जाऊ लागले.

त्याला तिथे गोणी मोजायचं काम होतं. दिवसभर एका जागी. संध्याकाळी होडी धक्क्याला लागायच्या आत तो उडी मारायचा आणि घरात न येता रांगेत जायचा. पाणी मी घालत होते, त्याने सांगितलं तसं, आठवड्याचे वार ठरवून. कॉलेजातून आलं की आधी बादली. पापा त्याच्यामागून सावकाश यायचे, खिशातून हात बाहेर काढून, सगळ्यांना दिसतील असे. जेवताना बेन बोलायचा नाही, आणि उठायचाही नाही. तो दारापर्यंत जाऊन येत नाही, हे आधी आयच्या लक्षात आलं. "याला काय झालं?" तिने मला विहिरीवर विचारलं. "हा बसून राहायला लागला."

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, ऊन तापायला लागलं होतं तेव्हा, एका संध्याकाळी पापा एकटेच आधी आले. बेनला कारखान्यात जास्तीचं काम होतं. वळसा घालून यायला त्यांना नेहमीपेक्षा उशीर लागला. मग ते ओट्यावर आले, चपला काढल्या, आणि आत येऊन आय भाकऱ्या थापत होती तिथे उभे राहिले.

"उद्या एकच डबा भर," ते म्हणाले.

आयने त्यांच्याकडे पाहिलं, हातांवरची भाकरी तशीच तव्यावर टाकली आणि पिठाच्या हातांनी बाहेर धावली. मी तिच्या मागे. मधल्या रांगेत, उघड्या फांद्यांच्या टोकांना, नखाएवढी पालवी होती. चिकूची नवी पालवी हिरवी नसते. तांबूस, जरा गुलाबी, ओठासारखी. सगळ्या झाडांना नव्हती, काही पुढेही कधी सावरली नाहीत. आय पिठाचा हात लांब धरून, न लावता, बघत राहिली. घरातून भाकरी करपल्याचा वास आला तरी आम्ही हललो नाही.

त्यानंतर बेन कारखान्यात गेला नाही, आणि वाडीची वाटणी संपली. तो दोन्ही बाजूंना दोन्ही खतं घालू लागला, काळं आधी, पांढरं मागून आणि मोजकं. रस्त्याकडची माती सुटी व्हायला बरीच वर्षं गेली. पण आमच्या घरात तेव्हापासून एक रीत पडली. झाडाला काहीही घालण्याआधी मोठ्याने ओरडायचं: "घातलं काय?" वाडीच्या दुसऱ्या टोकाहून, विहिरीवरून, घरातून, कुठूनही उत्तर येईपर्यंत हात रिकामा करायचा नाही. "नाय!" आलं तर घालायचं. "घातलं!" आलं तर पाटी खाली. उत्तरच आलं नाही तर थांबायचं. पापा गेले, आय गेली, तरी ही हाक राहिली. सुट्टीला मी गेले की वाडीत काहीतरी हातात घेऊन मुद्दाम ओरडायची, आणि कुठूनतरी झाडांमधून बेन म्हणायचा, "नाय! पण तू राहू दे, तू पुस्तक वाच!"

परवा रेजिनावहिनीचा, बेनच्या बायकोचा, फोन आला. "पाऊस तोंडावर आलाय फिलू, रांगांना काही घातलं नाय अजून. खड्ड्यातलं त्यानं करून ठेवलंय." मी होडीने गेले. खड्डा उघडला तर खत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं; त्याने जायच्या आधी पालटून ठेवलं असणार. पाटी भरून मी मधल्या रांगेत गेले. आता ती वाडीतली सगळ्यांत दाट रांग आहे. पाटी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. विहिरीपर्यंत जाऊन आले. कशाला गेले ते कळलं नाही. शेवटी पाटी कमरेवर घेतली आणि ओरडले, "घातलं काय?"

माझा आवाज कधीच मोठा नव्हता. वाडीत कुणी बोललं नाही. एक चिकू पडला. मी थांबले, कारण उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं.

मग स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून वहिनीचा आवाज आला, जरा फाटलेला. "नाय घातलं! घाल तू!" आणि थोड्या वेळाने, "किती घालतेस ते ओरडून सांग मला!"

"सांगते!" मी म्हटलं. सावलीची कड कुठे पडते आहे ते बघितलं आणि तिथे, मातीत, खाली बसले.